काटेबाईंचं वजन

मंगळवारी सकाळी काटेबाई कमरेला लोखंड बांधत होत्या. जाड कापडाचा पट्टा त्यांनी स्वतः शिवला होता. त्याला चौदा कप्पे होते आणि एकेका कप्प्यात चारशे ग्रॅमची एकेक चपटी पट्टी. भंगारवाल्याकडून पट्ट्या आणताना "खिडकीला लावायच्यात" असं त्यांनी न विचारताच सांगून टाकलं होतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काही खोटं नाही. पट्टा ऑपरेशनच्या टाक्यांना लागू नये म्हणून खाली, कमरेच्या हाडावर बांधायचा. वरून सैल विजार, तिच्यावर घोळदार स्वेटर. केमोच्या दुसऱ्या फेरीला पाच पट्ट्या पुरल्या होत्या, तिसरीला नऊ लागल्या. आजची ही चौथी फेरी, आणि आज चौदाही भरल्या.

ज्यांनी बाईंना एकतीस वर्षं ओळखलं, त्यांच्यापैकी कुणाला हे सांगितलं असतं, तर त्याने सांगणाऱ्यालाच वेड्यात काढलं असतं. खडीच्या खाणीबाहेरच्या वजनकाट्यावर त्या बसायच्या. रिकामी गाडी आत जाताना तिचं वजन, भरून बाहेर पडताना तिचं वजन, आणि हद्दीपेक्षा जास्त माल असेल तर गाडी तिथेच उभी. ड्रायव्हर लोक काय काय करायचे! रिकाम्या गाडीत पाण्याचं पिंप लपवायचे, म्हणजे रिकाम्याचं वजन जास्त दिसतं आणि माल कमी भरतो. मागचं चाक काट्याच्या कडेवर ठेवायचे. कुणी बोलण्यात गुंतवायचा, कुणी नुसता गोड हसायचा. बाईंनी सगळे पकडले. त्यांचं खरं नाव पगाराच्या कागदावर होतं आणि तिथेच राहिलं. लोक त्यांना काटेबाई म्हणायचे, आणि पाठीमागे जे म्हणायचे ते इथे लिहिण्यासारखं नाही.

त्याच बाई आता चोरावर मोर झाल्या होत्या. खोटं वजन करणारा कुठे सापडतो, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? तो लोभात सापडतो. दर वेळी तोच आकडा दाखवायला जातो. म्हणून बाई आपलं वजन दर वेळी थोडं उतरू द्यायच्या. चोपन्न पूर्णांक एक, मग त्रेपन्न आठ, मग त्रेपन्न पाच. आज काट्यावर त्रेपन्न दोन आलं. वॉर्डातल्या नर्सबाईंनी आकडा फाईलीत लिहिला आणि म्हणाल्या, "थोडं थोडं उतरतंय हं. बहिणीला सांगा, जरा जास्त खाऊ घाल म्हणावं."

"सांगते की," काटेबाई म्हणाल्या. "कालच तिने भाज्यांचं सूप केलं होतं. वाडगाभर प्यायले."

बहिणीने सूप केलं नव्हतं. बहीण त्यांच्याशी अकरा वर्षं बोललेली नव्हती.

हे सगळं सुरू झालं ते डॉक्टरीणबाईंच्या खोलीत. ऑपरेशन होऊन मोठ्या आतड्याचा वीतभर तुकडा काढून झाला होता आणि आता केमो द्यायची होती. डॉक्टरीणबाई चाळिशीच्या, बोलायला मोकळ्या. एका कागदाच्या पाठीवर गोल काढून त्यांनी समजावलं.

"आपल्या अंगात रोज कोट्यवधी पेशी दुभागतात. एकीच्या दोन. त्याआधी पेशी स्वतःच्या सगळ्या माहितीची नक्कल काढते. एवढी मोठी नक्कल, तिच्यात चुका होणारच. म्हणून वाटेत ठिकठिकाणी तपासणी असते."

"म्हणजे नाका," काटेबाई म्हणाल्या.

"हो, नाकाच म्हणा. नक्कल बिघडली असेल तर पेशीला तिथे थांबवलं जातं. दुरुस्त होत असेल तर दुरुस्त करतात. नसेल होत, तर तिला मरायला सांगतात आणि ती निमूट मरते."

"मग माझ्यात काय झालं?"

"तुमच्यात एकेक करून हे नाकेच बिघडले. एका दिवसात नाही होत ते. दहा-पंधरा वर्षं गेली असतील. आतड्याच्या अस्तरात आधी नुसता एक कोंब आला असेल. मग वाढ थांबवणारा एक ब्रेक गेला, मग दुसरा. शेवटी नाक्यावर अडवायला कुणीच उरलं नाही, आणि पेशी वाटेल तशा वाढत सुटल्या."

काटेबाईंना हे फार लागलं. रोग झाला याचं दुःख होतंच, पण हा तर सरळसरळ अपमान होता. "एकतीस वर्षं मी एक गाडी सोडली नाही डॉक्टर. आणि माझ्याच पोटात नाक्यावरचा माणूस झोपा काढतो?"

डॉक्टरीणबाई हसल्या, आणि बाई विनोद करत नाहीयेत हे लक्षात आल्यावर हसायच्या थांबल्या.

मग त्यांनी औषधांचं सांगितलं. दोन औषधं. एक सलाईनमधून, ते नकलेच्या धाग्यांना गाठी मारतं. दुसरं गोळ्यांचं, ते नक्कल काढायला लागणाऱ्या मालात खोटा माल मिसळतं. धडधाकट पेशी नाक्यावर थांबते आणि जमेल तेवढं निस्तरते. कर्करोगाच्या पेशीला थांबणं माहीतच नाही. ती गाठी आणि खोटा माल घेऊन तशीच पुढे रेटते आणि त्यातच मरते. पण औषधाला माणूस ओळखता येत नाही. दुभागायची घाई ज्याला आहे त्याला ते धरतं, आणि अंगात घाईचे दुसरेही लोक असतात: तोंडाचं अस्तर, आतड्याचं अस्तर, केसांची मुळं, हाडांच्या पोकळीत रक्त तयार करणाऱ्या पेशी. सुक्याबरोबर ओलंही जळतं. म्हणून दोन फेऱ्यांमध्ये तीन आठवडे सोडायचे, तेवढ्यात ओलं पुन्हा धरतं.

"आणि एका फेरीत सगळा रोग मरत नाही का?"

"नाही. दर वेळी काही हिस्सा मरतो. राहिलेला पुन्हा डोकं वर काढायच्या आत पुढची फेरी. अशा आठ."

हे वाक्य बाईंनी गाठीला बांधलं, आणि त्याच्या पुढचं नीट ऐकलंच नाही. डॉक्टरीणबाई सांगत होत्या की औषधाची मात्रा उंची आणि वजनावरून ठरते, वजन पन्नासच्या खाली गेलं तर आपण थांबू आणि आधी अंग भरून काढू. सातव्या ते चौदाव्या दिवसांत पांढऱ्या पेशी फार उतरतात, तेव्हा ताप आला तर घरात बघणारं माणूस हवंच. बाईंच्या डोक्यात एकच राहिलं: थांबलो की राहिलेला डोकं वर काढणार.

"घरी कोण असतं?" डॉक्टरीणबाईंनी पेन उचलून विचारलं.

"धाकटी बहीण," काटेबाई म्हणाल्या. एवढं सोपं खोटं त्या आयुष्यात पहिल्यांदा बोलल्या, आणि नंतर बराच वेळ त्यांना स्वतःचंच नवल वाटत राहिलं.

घर म्हणजे दोन खोल्या, दुसऱ्या मजल्यावर. खाली टायरचं दुकान. सलाईन झाली की आठवडाभर थंड वस्तूला हात लावला तर बोटांत सुया टोचायच्या. दाराची कडी उघडायला त्या हातमोजे घालायच्या, पाणी कोमट करून प्यायच्या. जेवणाला गंजाची चव यायची. सकाळी त्या मुगाचं पातळ काहीतरी शिजवायच्या, चार घास खायच्या, उरलेलं झाकून ठेवायच्या आणि संध्याकाळी टाकून द्यायच्या. एका माणसाचा स्वयंपाक करायला भांडंही सापडत नाही लवकर, सगळी भांडी घरात चार माणसं असल्याच्या हिशेबाने घेतलेली असतात. दिवसभरात आपण एक शब्द बोललो नाही, हे त्यांना संध्याकाळी कळायचं, खोकला आल्यावर. आपलाच आवाज ऐकून त्या दचकायच्या.

म्हणून मंगळवार त्यांना आवडायचा. औषध नसानसांत जाताना हात थंड पडायचा, मळमळायचं, पण नर्सबाई विचारायच्या, "आज काय केलं बहिणीने?" आणि काटेबाई सांगायच्या. धाकटी मला सकाळी उठूच देत नाही. धाकटीने हे हातमोजे विणले. धाकटी रागीट आहे हो, पण मनाची मऊ. वॉर्डात एवढ्या थापा त्यांनी मारल्या की कधीकधी घरी जिना चढताना त्यांना वाटून जायचं, दार आतून उघडेल. दार बंद असायचं. त्या हातमोजे घालून कुलूप काढायच्या आणि त्यांना रडू यायचं.

चौथ्या फेरीनंतर नवव्या दिवशी सकाळी त्यांना हुडहुडी भरली. तोंडात फोड आले होतेच, दोन दिवस पाण्याशिवाय पोटात काही नव्हतं. थर्मामीटर एकशे दोन दाखवत होता. त्यांनी दोनदा झटकून पुन्हा लावला, सवयीने. मग भिंतीला धरून खाली उतरल्या. टॅक्सी कशीबशी मिळाली, पण हॉस्पिटलच्या नोंदणीच्या खिडकीपाशी पाय गेले. पट्टा घरी खुंटीवर राहिला होता.

त्यांना स्ट्रेचरवरून थेट खाटेवर घेतलं. त्या खाटेलाच वजनाचा काटा जोडलेला होता. शेहेचाळीस पूर्णांक एक.

तीन दिवस प्रतिजैविकांच्या सलाईनी चालल्या. पांढऱ्या पेशी जवळजवळ संपल्यात जमा होत्या. तिसऱ्या दिवशी ताप उतरला, डोकं ताळ्यावर आलं, आणि पडद्याच्या पलीकडून बाईंना डॉक्टरीणबाईंचा आवाज ऐकू आला. "नऊ दिवसांत सात किलो? कसं शक्य आहे? एक तर वॉर्डातला काटा बिघडलाय, नाहीतर तुम्ही नीट बघत नाही."

"मी रोज सकाळी काटा तपासते," नर्सबाई म्हणाल्या. "वीस किलोचं वजन ठेवून. रोज."

"मग हे काय आहे? याच काट्यावर मी सगळ्यांचे डोस ठरवतेय. सकाळपासून आठ जणांची औषधं थांबवून ठेवलीत. तुम्हाला लेखी द्यावं लागेल, काय झालं ते."

काटेबाईंनी मान वळवली. पडद्याच्या फटीतून त्यांना दिसलं, एक माणूस त्या काट्यावर 'नादुरुस्त' अशी चिठ्ठी चिकटवत होता.

बाईंची पाचावर धारण बसली. बोललो तर औषध थांबणार, आणि औषध थांबलं तर काय होणार हे त्यांच्या मते ठरलेलंच होतं. मूग गिळून बसलं तर कुणाला कळणारही नव्हतं. काट्याचं काय, यंत्र आहे, उद्या दुसरा आणतील. नर्सबाई मात्र बावीस वर्षं त्या वॉर्डात होत्या. एकतीस वर्षांत 'तुमचा काटा खोटा आहे' हे वाक्य काटेबाईंच्या कानावर आठवड्यातून दोनदा पडलं होतं, आणि दर वेळी ते म्हणणारा चोर निघाला होता. आज तो चोर इथे खाटेवर पडला होता.

"डॉक्टर," त्यांनी हाक मारली. आवाज फुटेना, म्हणून खाटेचा दांडा वाजवला. "काटा बरोबर आहे. मी खोटी आहे."

त्यांनी सगळं सांगितलं. पट्टा, कप्पे, पट्ट्या. डॉक्टरीणबाई ऐकताना खुर्चीत बसल्या. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"म्हणजे लोखंडाच्या वाट्याचं औषधही मी तुम्हालाच देत होते," त्या शेवटी म्हणाल्या. "आणि तेही उपाशी अंगाला. मला कळलं असतं तर मी मात्रा कमी केली असती, तुम्हाला पंधरा दिवस खायला घातलं असतं. एक फेरी पंधरा दिवस पुढे गेली म्हणून आभाळ कोसळत नाही बाई. तुम्ही मात्र परवा गेला असतात."

"तुम्हीच म्हणालात, राहिलेला डोकं वर काढतो."

"म्हणाले. त्याच्या पुढचं ऐकलं नाहीत." त्यांनी फाईल मिटली. "बहिणीला बोलवा. मला तिच्याशी बोलायचंय. त्याशिवाय पाचवी फेरी नाही."

काटेबाईंनी डोळे मिटले. "बहीण आहे. माझ्याकडे नसते."

डॉक्टरीणबाईंनी मिटलेली फाईल पुन्हा उघडली. मग म्हणाल्या, आता थोड्या हळू, "घरात ताप बघणारं माणूस नसेल तर मी हे औषध पुन्हा सुरू करू शकत नाही. कुणीही चालेल. पण खरं माणूस हवं." आणि त्या थांबलेल्या आठ जणांकडे गेल्या.

नर्सबाई सलाईनचा वेग बघत उभ्या राहिल्या. "मला वाटायचं, ती सूप करते," त्या म्हणाल्या.

"करते ना. तिच्या घरी."

नर्सबाईंना हसू आलं, आणि आपल्याला हसू आलं याचा रागही आला. बाईंचा फोन उशाशी ठेवून त्या निघून गेल्या.

अकरा वर्षांपूर्वी धाकटीचा नवरा खडीची गाडी चालवायचा. एका दुपारी तो गाडी भरून काट्यावर आला, खिडकीतून डोकावून हसला आणि म्हणाला, "ताई, आपलाच काटा." चार टन माल जास्त होता. बाईंनी गाडी उभी केली आणि अहवाल वर पाठवला. त्याचा परवाना सहा महिने गेला, मग गाडीही गेली. धाकटी दारात येऊन म्हणाली, "तुझा काटा मोठा की माझं घर?" बाई म्हणाल्या, "चार टन होते गं." धाकटी म्हणाली, "आकडे मला सांगू नकोस," आणि गेली. बाई बरोबर होत्या. बरोबर असणं इतकं एकटं पाडतं, हे त्यांना कुणी आधी सांगितलं नव्हतं. आणि फोन आपण का करायचा, आपण कुठे चुकलो, असं म्हणता म्हणता अकरा वर्षं झाली.

नंबर पाठ होता. त्यांनी मनात धाकटीसाठी चार वाक्यं जुळवली आणि फोन लावला. पलीकडून पुरुषाचा आवाज आला. तोच.

जुळवलेली वाक्यं कुठल्या कुठे गेली.

"मी बोलतेय," त्या म्हणाल्या.

पलीकडे टीव्हीचा आवाज बंद झाला. मग, "ताई?"

त्यांनी एका दमात सांगून टाकलं. कर्करोग, आतडं, चार फेऱ्या, ताप, शेहेचाळीस किलो. घरात माणूस असल्याशिवाय औषध नाही. आणि ज्याला सांगायची सगळ्यात जास्त लाज वाटायला हवी होती, त्याला पट्ट्याचंही सांगितलं.

"किती होतं?" त्याने विचारलं.

"काय?"

"लोखंड."

"पाच किलो सहाशे."

"आणि पकडलं कुणी?"

"कुणी नाही. मीच सांगितलं. वॉर्डातल्या बाईंवर आळ येत होता. सगळे म्हणत होते, काटा खोटा आहे."

पलीकडे तो खाकरला.

"ताई, ही इथेच बसली आहे. फोन मोठ्यावर केलाय, ऐकतेय ती. तिच्यासमोरच सांगतो. त्या दिवशी गाडीत चार टन जास्त होते. मी स्वतः उभं राहून भरून घेतले होते. घरी येऊन हिला सांगितलं, काटा बिघडलेला होता, ताईला दाखवून दिलं तरी तिने ऐकलं नाही. हिला ते खरं वाटलं. मग रोज वाटायचं, आज सांगू, उद्या सांगू. अकरा वर्षं राहूनच गेलं."

काटेबाईंना राग यायला हवा होता. तो कुठेच सापडेना, अंगात तेवढं बळच नव्हतं. पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. पावलं ऐकू आली, एक दार आपटलं. "आत गेली," तो हळूच म्हणाला. "ती काय करेल ते आता माझ्या हातात नाही. पण मी येतो ताई. ताप बघायला काय, मलाही येतो बघता. काय करायचं ते सांगा."

मग बाईंनी सांगितलं. दिवसातून चारदा थर्मामीटर. शंभराच्या वर पारा गेला की घरात गोळी देऊन वाट बघत बसायचं नाही, सरळ इथे आणायचं, कारण अंगात लढायला पांढऱ्या पेशीच नसतात. सातव्या दिवसापासून चौदाव्यापर्यंत डोळ्यात तेल घालून बसायचं. तो "हो" म्हणत कुठेतरी लिहून घेत होता, पेन्सिलीचा आवाज येत होता.

तेवढ्यात ते दार पुन्हा उघडलं. फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेला.

"ताप किती आहे आता?" धाकटीने विचारलं. आवाज जाड झाला होता, अकरा वर्षांनी मोठा.

"नाही गं ताप. उतरला सकाळी. मी ठीक आहे."

"खरं सांग."

काटेबाईंनी पडद्याकडे पाहिलं. पलीकडे थांबलेल्या आठ जणांपैकी पहिल्याला नर्सबाई काट्यावर उभं करत होत्या.

"मला फार भीती वाटते," त्या म्हणाल्या. "घरी जायचीच भीती वाटते. तिथे कुणी नसतं."